लोहचुंबकाजवळचा ठिपका

पूनम नातेपुत्याची. युनिव्हर्सिटीत शिकायला होती, भवानी पेठेतली माझी वरची खोली भाड्यानं घेतलेली. पोरगी गोड, पण सामान बघा तिचं! संभाजी तलावातला चिखल बरण्या भरभरून आणायची. मी म्हणले, "अगं ए, चिखल ठेवायला भाडं देतीस व्हय?"

"चाची, ह्यात जंतू हायत. डोळ्याला दिसत न्हायत, पण पोटात लोखंडाचे कण तयार करत्यात, माळेसारखे. त्यामुळं त्यांना उत्तर दिशा कळती."

मग तिनं बरणीला बाहेरून लोहचुंबकाचं एक टोक लावलं. तासाभरानं काचेवर आतून पांढरट ठिपका धरला. हजारो जंतू गोळा झालेले म्हणं. या अल्ला! माझा पोरगा मुबीन दुबईला गेल्यापास्नं हाक मारली की येणारं कुणी उरलं न्हाय घरात, आन् हे बिनकानाचे जंतू बोलावलं की येत्यात.

"मेले की कण गाळात राहत्यात," पूनम सांगायची. "हजारो वर्षं. समुद्राच्या, जुन्या तळ्यांच्या तळाचा गाळ काढून लोक ते शोधत बसत्यात."

"मेल्यावर शोधत्यात व्हय? जितेपणी कोण इचारतंय!"

ती हसली. मला काय हसू आलं न्हाय.

पुढं तिला अकलूजच्या कॉलेजात नोकरी लागली. जाताना लोहचुंबक माझ्या हातात दिला आन् एक बरणी माझ्या खाटंखाली ठेवली. "अंधारात राहू द्या, हलवू नका. बरणीत किती दिवस जगत्यात ते मला संशोधनात लिहायचंय. आठवड्याला लोहचुंबक लावून ठिपका बघा, मी फोन करत जाईन. उन्हाळ्यापर्यंत टिकले तर मी स्वतः न्यायला येते."

दर शुक्रवारी फोन यायचा. "चाची, ठिपका?"

"हाय की!"

मग इकडचं तिकडचं बोलणं. मेसची भाजी पाणचट म्हणायची, मी म्हणायचे, मग शिक की करायला, हात काय मोडलेत? आठवडाभर मी बोलायचं साठवून ठेवायचे. मुबीनचा फोन ईदला, त्यो पण घाईत.

मग ठिपका बारीक होत गेला. मागल्या आठवड्यात धरलाच न्हाय. टोक बदलून बघितलं, दिवसभर लावून ठेवलं, काय न्हाय. खरं सांगते, लई भ्याले. जंतू गेले की फोन पण गेला.

शुक्रवारी सकाळीच दुधाची किटली घिऊन तलावावर गेले. चिखल भरला. रिक्षावाला म्हणतो, "चाची, मासे धरले का?"

"तुझं डोकं धरते, चल गप!"

घरी येऊन बरणीचं झाकण काढलं. नुसतं ओतायचं होतं. कुणाला कळणार? पण पोरगी लिहिणार, इतके दिवस जगले म्हणून. स्वतःच्या नावानं लिहिणार. आन् ते खोटं निघालं की हसं तिचं हुणार. हात पुढं जाईना बघा.

तेवढ्यात फोन वाजला. "चाची, ठिपका?"

"न्हाय गं. मेले."

ती म्हणली, "एवढे टिकले हेच लई झालं. ओतून टाका बरणी. तपासायला कण मी बाकीच्या बरण्यांतले घेतलेत, त्यावर भागंल. आन् चाची, मग मी आता येत न्हाय हां, उगं तुमाला त्रास."

"बरोबर हाय," मी म्हणले. "एवढ्या लांब कशाला यायचं."

तिनं फोन ठेवला. मी तशीच किटली धरून हुबी होते. मग मोठ्यानं म्हणले, "ये की गं."