उत्तरेकडची बाजू

सोमवारपासून आमच्या प्रयोगशाळेची उत्तर बाजू वाढू लागली आणि दक्षिण बाजू, म्हणजे माझी, तितकीच आखडू लागली. रामटेके मामांनी टेप लावून मोजले. ते या महाविद्यालयात माझ्याही आधीपासून प्रयोगशाळा सांभाळत आहेत.

"बाहेरून साठच फूट भरते मॅडम. आतूनबी साठच. पण सरांकडं चौतीस झाले न् तुमच्याकडं सव्वीसच राहिले."

"कमी काहीच झालं नाही, मामा. फक्त वाटणी बदलली."

"तुमच्या अंगावर येऊन राहिली न भिंत. तेच तर सांगतो."

खोलीच्या मधोमध लांब बाक आहे आणि त्यावर लोखंडी रूळ. रोज साडेदहाला, तास सुरू होण्याआधी, रुळाच्या मध्यावर दोन सारख्या वजनाच्या गाड्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, त्यांच्यामध्ये स्प्रिंग दाबायची आणि सोडायची. एक गाडी दक्षिणेला धावते, दुसरी उत्तरेला. माझ्या टोकाचा टायमर मी वाचते, उत्तरेचा माझा सहकारी दिगंबर उपळेकर वाचतो. मी माझा वेग मोठ्याने सांगते, तो दोन्ही आकडे नोंदवहीत लिहितो आणि खाली आम्ही दोघे सही करतो. एकवीस वर्षांत आम्ही दोघे कामावर असताना एकही दिवस कोरा गेलेला नाही. मी मुलांना शिकवते की जागा पक्षपात करत नाही. इथे जे घडते तेच चार पावलांवरही तसेच घडते, आणि म्हणूनच संवेग हरवत नाही. एका बाजूला जितका गेला, तितकाच दुसरीकडे गेलेला असतो.

माझे पती गेले, त्यानंतर तेराव्या दिवशी मी कामावर आले. दिगंबर म्हणाला होता, "तू तुझ्या बाजूचं बघ, वैजू. माझ्या बाजूची काळजी करू नकोस." त्या दिवसापासून मी त्याच्या बाजूला कधीही डोकावले नाही. माझ्या लेखी तो आमच्यातला सर्वांत मोठा आदर होता.

मंगळवारी माझ्या पाठीमागची भिंत आणखी सहा फूट पुढे आली. तिच्याबरोबर खिडकी आली. खिडकीबाहेरचा बदाम मात्र जागेवरच राहिला. दिगंबरचे टेबल एवढे लांब गेले की मामा त्याचा चहा सायकलवरून नेऊ लागले.

"नेता नेता थंड होते," मामा म्हणाले. "पण सरांना चालते. म्हणतात, ऐसपैस झालं."

मग ते घुटमळले. "एक सांगू का मॅडम? तिकडच्या टायमरात सेल नाही."

"संपला असेल. नवा घाला."

"मी घालतच होतो. सर म्हणले, राहू द्या. तुमचे साहेब वारले न, तवाची गोष्ट आहे. अकरा वर्षं झाली."

मी पट्टी उचलली आणि माझी बाजू पुन्हा मोजली. वीस फूट होती. मोजत असतानाच ती एकोणीस झाली.

बुधवारी मी स्प्रिंग सोडली. माझ्या टायमरवर वेग आला सेकंदाला बेचाळीस सेंटिमीटर. मी ओरडून सांगितले, "एकाहत्तर!" आयुष्यात मी खोटा आकडा पहिल्यांदाच उच्चारला. उत्तरेकडे निघालेली गाडी अजून अर्ध्या वाटेवरही पोचली नव्हती. तिच्या चाकांचा आवाज येत होता. काडीएवढा दिसणारा दिगंबर वहीवर वाकला आणि त्याने लिहिले. मी माझ्या कपाटातली दुर्बीण काढून लावली. माझ्या नावाखाली एकाहत्तर होते, त्याच्या नावाखाली सत्तर पूर्णांक नऊ.

तो दशांशाचा फरक मी ओळखला. जर्नलमध्ये उत्तरावरून उलटी रीडिंग्ज भरणारी मुलेही तो असाच ठेवतात. तंतोतंत जुळलेला आकडा कोणाला खरा वाटत नाही.

"तुझी गाडी अजून पोचली नाही, दिगंबर!"

त्याचा आवाज यायला वेळ लागला. "पोचेल की. कुठं जाते?"

"मग तू काय लिहिलंस?"

"जे येणार तेच लिहिलं. नियम खरा आहे ना? मोजून काय वेगळं आलं असतं?"

"नियमाची मला खात्री होतीच. मी तुला विचारत होते."

"उगाच मनाला लावून घेतेस. सही राहिली आहे तुझी, ये जमेल तशी."

माझ्या खोट्या आकड्यानंतर भिंत एकदम आठ फूट पुढे आली. ही चूक माझी होती आणि तिची जबाबदारी मी नाकारत नाही. दार उत्तरेला आहे. पाच वाजता मी घरी निघाले. साडेसहापर्यंत चालले तरी ते तेवढेच लांब होते, म्हणून परत फिरले.

आज गुरुवार. मामा आलेले नाहीत. कपाट आखडून पाठ्यपुस्तकाएवढे झाले आहे. माझ्या बाजूला रुळाची वीतभर लांबी, बाकाची कड आणि त्या दोहोंमागे उभी राहण्यापुरती मी एवढेच उरले आहे. तिकडे कुठेतरी कालची गाडी अजून धावते आहे. आज त्याने एकदा खाली वाकून, पट्टी लावून, स्वतः काहीही मोजले असते, तरी मला वाटते, भिंत थांबली असती.

साडेदहा वाजले. मी नव्या गाड्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि स्प्रिंग दाबली. पण सोडली नाही. ती माझ्या अंगठ्याखाली धडधडत राहिली.

बऱ्याच वेळाने दुरून हाक आली.

"किती आलं, वैजू?"

मी मोकळ्या हाताने दुर्बीण डोळ्याला लावली. दुर्बिणीत त्याचे पेन कागदाच्या किंचित वर थांबलेले दिसत होते. माझ्या नावाखालची जागा कोरी होती, म्हणून त्याच्या नावाखालचीही.

"वैजू? अगं, आकडा सांग ना."

भिंत माझ्या पाठीला टेकली. ती उन्हाने तापलेली होती. पेन अजून वरच होते.