तिसऱ्या परिच्छेदातले काका

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही खाण्यामुळे नव्हे. चुलत बहिणीच्या, बबडीच्या, पलंगावरची ती निळी, गुळगुळीत फाइल बघून दुखत होतं. परदेशी शिकायला पाठवणाऱ्या कन्सल्टन्सीची फाइल! कॉलेजांची यादी त्यांनी केलेली, अर्ज त्यांनी भरलेले, अगदी ‘मला हे का शिकायचंय’ हा दोन पानी निबंधसुद्धा त्यांनीच लिहिलेला. बबडीनं काय केलं? फोटो काढून दिला. त्यातही डोळे मिटलेले.

आणि थोरलीनं? चार महिने लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर डोळे फोडले, कॉलेजांचे नियम वहीत उतरवले, निबंध अकरा वेळा लिहिला तेव्हा कुठे काल अर्ज गेला. त्याच कॉलेजला, त्याच विषयाला. सहावीत असताना तिचे वडील गेले होते. कन्सल्टन्सीत नेऊन बसवणार कोण? बबडीला बाप होता. सगळं घोडं तिथंच तर पेंड खात होतं.

“ताई, निबंधावर एकदा नजर टाक ना,” बबडीनं लॅपटॉप पुढे सरकवला. “आज सहाची मुदत आहे. आई साडेपाचला येईल, मग तिच्या हातून बटण दाबायचं.”

“तू वाचलास का?”

“दोन पानं? मला पहिल्याच परिच्छेदाला डुलकी लागली. कन्सल्टन्सीच्या मॅडम म्हणाल्या, एका स्वल्पविरामालाही हात लावू नकोस.”

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! थोरलीनं नाकावरचा चष्मा वर ढकलला आणि वाचायला लागली. मेलं, चांगलं लिहिलं होतं! आपल्या अकरा खर्ड्यांत असं एक वाक्य उतरलं नाही म्हणून ती आणखीच जळली. जळत जळतच तिसऱ्या परिच्छेदापाशी आली आणि थांबली. मी शाळेत असतानाच वडील वारले, असं तिथं इंग्रजीत लिहिलं होतं. त्यानंतर आईनं एकटीनं मला वाढवलं, वगैरे वगैरे.

पलीकडच्या खोलीत ते वारलेले वडील स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते. गातही होते, आणि तेही बेसूर.

दुसऱ्याच कुणाच्या निबंधावर बबडीचं नाव डकवलं होतं, आणि बाप बदलायचा राहून गेला होता. अर्जाच्या पहिल्या पानावर मात्र वडिलांचं नाव, धंदा, सही, सगळं होतं. कॉलेजवाले काय डुलक्या काढत वाचतात? खोटी माहिती म्हणून अर्ज सरळ बाद होणार होता.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांच्या जाण्याबद्दल एक ओळ लिहायला तिचा हात अकरा वेळा अडला होता. आणि इथं बाप जिवंत असताना तेसुद्धा दुःख हिला आयतं मिळालं! मग हळूच तिला गुदगुल्या व्हायला लागल्या. होऊ दे बाद. भोगू दे.

“कसा आहे गं?” बबडीनं विचारलं.

“छान आहे. फारच छान.”

त्यात खोटं काय होतं? कसा आहे, एवढंच विचारलं होतं तिनं. मनाची अशी समजूत घालत थोरली दाराशी चपला शोधायला लागली.

“थांब गं. चष्मा दे इकडे. काडी वाकडी झालीय,” काका हात पुसत आले. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. सहावीपासूनचा तिचा प्रत्येक चष्मा त्यांच्याच हातचा होता. काडी दाबता दाबता त्यांनी आवाज खाली आणला. “निबंध वाचलास ना? मला काही ते इंग्रजी कळत नाही. माझ्याबद्दल लिहिलंय का गं काही? नसलं तरी हरकत नाही हो. काचा घासणाऱ्याबद्दल लिहिणार तरी काय!”

“लिहिलंय ना,” थोरली बोलून गेली. “तिसऱ्या परिच्छेदात.”

“खरंच? काय?”

“हेच, की दहावीच्या प्रत्येक पेपराला सोबत आलात. आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलात.”

काकांचा हात थांबला. “ते तुझ्या दहावीला. बबडी तर मैत्रिणींबरोबर जायची. तिला कुणी सांगितलं?”

थोरलीनं वाकून एक पाय चपलेत घातला. तेवढ्यात काकू जिना चढून धापा टाकत आली. “कुठंय ते बटण?” म्हणत तशीच आत गेली.

थोरलीचा जळफळाट काडीइतकाही कमी झाला नव्हता. उलट या माणसाला बबडीनं बाबा म्हणायचं आणि आपण काका, याचाच आता जास्त मत्सर वाटत होता. पण ती एका पायात चप्पल तशीच आत धावली.

“काकू, थांब! दाबू नकोस! त्यात काकांना मारलंय!”

“मला?” मागून काका म्हणाले. “कुणी?”

थोरलीनं चष्मा त्यांच्या हातातून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि बबडीला कोपरानं बाजूला सारलं. मुदतीला अर्धा तास होता. तिसरा परिच्छेद तिनं मुळापासून पुसला.

“सांग, बाबांनी तुझ्यासाठी काय काय केलं. भराभर सांग, मी लिहिते.” मग मान वर न करता ती म्हणाली, “पायरीचं तेवढं नाही हं लिहिणार. ते माझं आहे.”