मालक बसल्याशिवाय खुर्ची नाही

एका मोठ्या शाळेला महिन्याला पाचशे खुर्च्या हव्या होत्या आणि मालकांच्या कारखान्यातून निघायच्या जेमतेम दोनशे. शाळेची बाई सोमवारी कारखाना तपासायला येणार म्हटल्यावर मालकांची झोपच उडाली. अशा ऑर्डरची वाट त्यांनी वीस वर्षं पाहिली होती हो!

"तिने उणीदुणी काढण्याआधी आपणच काढू," बायको म्हणाली.

"काढ की! रंगाऱ्यापासून सुरुवात कर. एक नंबरचा कामचुकार."

तीन दिवस बायको वही घेऊन कारखानाभर फिरली. चौथ्या दिवशी म्हणाली, "सगळं एकाच माणसापाशी अडतंय."

"कोण तो? आत्ताच्या आत्ता घरी बसवतो!"

"बसवा. तुम्हीच आहात."

झालं होतं असं, की धंद्याच्या पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक खुर्चीसकट जमिनीवर आदळलं होतं. तेव्हापासून मालकांचा नियम, की प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसायचं आणि अख्खा कप चहा संपेपर्यंत उठायचं नाही. दिवसाला आठ खुर्च्या, आठ चहा. न तपासलेल्या खुर्च्या ठेवायला जागा उरायची नाही म्हणून सुतार बिचारे दुपारपासून हातावर हात ठेवून बसत.

"मग मी करायचं तरी काय?" मालक म्हणाले. आपल्यावाचूनच सगळं नीट चालेल, या विचाराने त्यांना रडूच यायला लागलं.

"ऑर्डरी आणा. खुर्चीवर तुमच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवू. वजन किती तुमचं?"

सगळे कारागीर कान टवकारून उभे. मालकांनी पोट आत घेतलं. "सत्तर."

पोतं भरलं आणि 'प्रत्येक खुर्चीवर मालकांच्या वजनाचं, सत्तर किलोचं पोतं' असा नियम कागदावर चढला.

सोमवारी शाळेच्या बाईंनी तो कागद वाचला, पोत्याकडे पाहिलं, मग मालकांकडे पाहिलं. "सत्तर? तुमचं?"

रंगारी उगाचच खोकला. मालकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हो म्हटलं की अब्रूही राहत होती आणि ऑर्डरही. पण जमिनीवर आदळलेलं ते गिऱ्हाईक काही डोळ्यांसमोरून हलेना. शाळेत काय सगळे मास्तर सत्तर किलोचे असतात?

मालक गुपचूप वजनकाट्यावर चढले आणि स्वतःच ओरडले, "ब्याण्णव! बावीस किलो वाळू आणा. आणि पोत्याखालून गेलेली प्रत्येक खुर्ची परत तपासा."

बाई पोट धरून हसल्या. "चारचौघांत स्वतःचं वजन सांगणारा माणूस खुर्चीबद्दल काय खोटं बोलणार!" म्हणत त्यांनी ऑर्डरवर सही ठोकली.

त्या गेल्यावर मालक सुई-दोरा शोधू लागले. "पोतं उसवायला हवं, परत शिवायला हवं…"

"काही उसवायला नको," बायको म्हणाली. "मी त्याचं तोंड शिवलंच नव्हतं. म्हटलं, तुम्ही खरं बोलेपर्यंत थांबू."