वकीलबाईंचा सोफा

न्यायाच्या दारात राजा आणि रंक एकाच पातळीवर येतात. वकीलबाईंच्या ऑफिसात तरी नक्की येत, कारण बाहेरच्या खोलीतल्या सोफ्याच्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या. त्यावर जो टेकेल तो, कारखानदार असो की पाकीटमार, सारखाच खाली जाई आणि गुडघे हनुवटीला लावून आपला नंबर येण्याची वाट पाहत राही.

थोरला त्यावर पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचा हात आपोआप बुडाखाली गेला. तो सोफे-खुर्च्या शिवणारा. पट्टे सैल झालेत, काथ्याचे गोळे झालेत, एक स्प्रिंग आडवी पडलीय, एवढं त्याच्या बोटांना कळलं. बाकी त्याला काही कळत नव्हतं. धाकट्या भावाला पोलिसांनी नेल्यापासून असंच चाललं होतं. हातोडी बोटावर बसली की लगेच दुखत नाही. बोट नुसतं पांढरं पडतं आणि दुखणं मागून येतं. थोरला त्या पांढऱ्यातच मुक्काम ठोकून होता.

प्रकरण साधं होतं. एका पेन्शनरांनी गावाला जाताना चोरांच्या भीतीनं बायकोच्या सोन्याच्या बांगड्या रुमालात गुंडाळून बैठकीच्या वाकड्या पायांच्या सोफ्याच्या फटीत कोंबल्या. परत आल्यावर ते विसरले. बायकोनं नवऱ्याला न विचारता सोफा नव्या कापडासाठी या दोघा भावांच्या दुकानात धाडला. सोफा कोरा करकरीत होऊन घरी आला, तेव्हा पेन्शनरांना आठवण झाली. त्यांनी फटीत हात घातला. फट होती, बांगड्या नव्हत्या. सोफा पोचवायला धाकटा गेला होता, तेव्हा चोर तोच, हे ठरायला वेळ लागला नाही. पोलिसांनी दुकानाची झडती घेतली, काही मिळालं नाही, म्हणून धाकट्याला आणि सोफ्याला घेऊन गेले. धाकटा तुरुंगात आणि सोफा ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा झाला.

धाकट्यानं बांगड्या घेतल्या होत्या का? हा प्रश्न थोरल्यानं त्याला भेटीत विचारला नाही. गजांच्या अलीकडून तो म्हणाला, "वकील बघितलाय. चांगली बाई आहे." उत्तर मिळालं असतं आणि ते भलतंच निघालं असतं, तर पैसे देताना हात जड झाला असता.

वकीलबाई खरंच चांगल्या होत्या. त्या पैशाला हात लावत नसत. ते काम त्यांच्या कारकुनाचं होतं आणि तो ते मन लावून करी.

"कागद वाचायची फी वेगळी," कारकुनानं समजावलं. "कोर्टात उभं राहायची वेगळी."

"आणि बोलायची?"

"ती उभं राहण्यात धरलीय. तेवढी सवलत."

वाचायच्या फीत दुकानातलं शिलाई मशीन गेलं. घेणाऱ्यानं ते हातगाडीवर चढवलं तेव्हा थोरल्यानं त्याला दोरी घट्ट बांधून दिली.

घरी आई विचारू लागली. आईला हे काही सांगायचं नाही, असं थोरल्यानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं; झडतीच्या वेळी ती देवळात गेली होती. तिचं हृदय नाजूक आहे, धक्का देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मशीन कुठंय रे?"

"दुरुस्तीला दिलंय."

"परवापर्यंत तर छान चालत होतं."

"म्हणूनच दिलं. बिघडण्याआधी."

"आणि हा कुठंय?"

"परगावी गेलाय. हॉटेलचं मोठं काम आलंय."

"मला न सांगता?"

"गाडी चुकत होती, आई."

आईनं मान हलवली आणि सुईत दोरा घालायचा प्रयत्न करू लागली. दुकानातलं हातशिवणीचं काम, सोफ्याचं बूड बंद करायचं वगैरे, अजून तिच्याकडेच होतं. धाकटा रोज सकाळी तिच्यासाठी सगळ्या सुया ओवून उशीत टोचून ठेवी. आता ते थोरला करी. तो दोरा चाटे, डोळा मिटे, नेम धरी आणि बाजूनं काढी.

"तू राहू दे," आई म्हणे. "तुझी बोटं हातोडीची आहेत."

जामिनाची तारीख जवळ आली आणि उभं राहायची फी दारात उभी राहिली. थोरला पुन्हा त्या बसक्या सोफ्यावर जाऊन बसला. विकायला आता हातोडी आणि कात्री उरली होती. त्याचा हात परत बुडाखाली गेला आणि तो चाचपत राहिला. वकीलबाई दारातून बघत होत्या.

"काय शोधताय?"

"काही नाही. पट्टे गेलेत याचे."

बाई थोडा वेळ त्याच्याकडे आणि मग सोफ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही नीट कराल?"

असा सौदा झाला. सोफा कोरा करून द्यायचा आणि बाईंनी कोर्टात उभं राहायचं. कारकुनाला हा प्रकार पसंत नव्हता. सोफ्यात त्याला काही कापून घेता येत नव्हतं. सोफा जिन्याच्या वळणात मावत नव्हता, म्हणून काम तिथंच, बाहेरच्या खोलीत करायचं ठरलं. आणि मशीन नव्हतं, म्हणून सगळी शिवण हातानं. म्हणजे आई आलीच.

आईला सांगितलं, एका बाईंकडे काम आहे. ऑफिसाबाहेरची पाटी वाचायची तर चष्मा हवा, आणि आईचा चष्मा फक्त सुईपुरता. आत भिंतभर जाड पुस्तकं होती.

"बाई वाचतात फार," आई म्हणाली.

"हो."

मधेच एक माणूस दोन हवालदारांच्या मधून आत आला.

"हा कोण?"

"मोठा माणूस असेल. बंदोबस्त आहे."

"बाई पैसे देणार आहेत ना? नाहीतर तू बसशील तोंड मिटून."

"दिलेत असंच समज."

"म्हणजे नाही दिले," आई म्हणाली आणि जुनं कापड उसवू लागली.

थोरल्यानं पट्टे ताणले, खिळे ठोकले. ठोकताना बारीक खिळे ओठांत धरायची त्याची सवय होती, त्यामुळे आशिलांपैकी कुणी "तुमचं काय प्रकरण?" म्हणून विचारलं तरी उत्तर द्यावं लागत नव्हतं. आईनं सोफ्याच्या पोटातून एकेक वस्तू बाहेर काढली. दोन पेनं, एक किल्ली, पित्ताच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, एक कानातलं. मग तिनं उरलेल्या कापडाचा तुकडा घेतला, सगळं त्यात घालून पुरचुंडी केली आणि ती बुडाखाली पट्ट्याला आतून पक्की शिवून टाकली. वरून बूड बंद केलं. शेवटी सोफ्याच्या मागच्या पायाला तिनं लाल दोरा बांधला.

ही बापाच्या वेळची पद्धत. गिऱ्हाइकाचं सोफ्यात सापडलेलं सोफ्यातच ठेवायचं. दुकानात फिरत राहिलं की कुणाचा तरी हात लागतो. पायाला लाल दोरा दिसला की सोफा पोचवणाऱ्यानं मालकासमोर बूड थोडं उसवून पुरचुंडी हातात द्यायची. सोफे पोचवायचं काम कायम थोरल्याचं, म्हणून दोऱ्याचा कारभार या दोघांतच चाले. धाकटा फोनच्या दुकानात नोकरीला होता. ते बंद पडलं तेव्हा नुकताच इकडे आलेला.

थोरल्याच्या ओठांत पाच-सहा खिळे होते. ते त्यानं एकेक करून तळहातावर काढले.

"आई. तो हिरवा सोफा होता ना, वाकड्या पायांचा. त्यात काही सापडलं होतं?"

"बांगड्या होत्या की. रुमालात. चांगल्या जड."

"मग?"

"मग काय? शिवल्या खाली. दोरा बांधला पायाला. तू काढून दिल्यास ना त्यांना?"

"मी नव्हतो त्या दिवशी. दाढ काढायला गेलो होतो. धाकटा गेला सोफा घेऊन."

"त्याला दोरा दिसला नाही?"

दिसला असणार. धाकटा टापटिपीचा. माल निघण्याआधी तो लोंबणारे दोरे कात्रीनं कापून सोफ्यावर फडकं मारी.

"मला बोलली नाहीस," थोरला म्हणाला.

"तू तोंडात कापूस भरून आलेलास. आणि बोलावं लागू नये म्हणूनच दोरा बांधतात ना?" आईनं चष्म्यावरून बघितलं. "का रे? आल्या होत्या का ओरडत त्या हिरव्या सोफ्याच्या बाई?"

"नाही. सहज."

आता आपल्याला काहीतरी होईल, असं थोरल्याला वाटलं. रडू येईल, निदान घाम तरी फुटेल. तो थोडा थांबला. काही आलं नाही. मग तो उठून आत गेला आणि वकीलबाईंना सगळं सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमची आई हे कोर्टात सांगेल?"

"तिला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"कोर्ट आहे ते."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "मग सोफ्यालाच बोलू दे," त्या म्हणाल्या. "तो सगळ्यांसमोर उघडायचा अर्ज देऊ."

"अर्जाची फी," कारकून दारातून म्हणाला. बाईंनी वर बघितलं. "नाही, म्हणजे माझ्या खुर्चीचं कापडही फाटलंय," तो म्हणाला. "त्यात धरून घेऊ."

ठाण्यात मुद्देमालाची खोली भरल्यामुळे सोफा साहेबांच्या टेबलासमोर ठेवला होता. त्याच्या हातावर लाखेचं सील होतं आणि सीलाला धक्का न लावता लोक इतके दिवस त्यावर बसून तक्रारी लिहीत होते. कोर्टाचा माणूस आला, पंच आले, पेन्शनर आले. सोफा उलटा केला. थोरल्याला हात लावायची परवानगी नव्हती. एका हवालदारानं चाकू काढला आणि बुडाचं कापड मधोमध टराटरा फाडलं.

"शिवणीवरून," थोरला म्हणाला. "अहो, शिवणीवरून..." त्याच्या छातीत कळ आली, खरीखुरी, आणि त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी दुखलं होतं, आणि ते कापड होतं.

पुरचुंडी निघाली. रुमाल निघाला. बांगड्या निघाल्या. पेन्शनरांनी त्या उजेडात धरल्या आणि म्हणाले, "मला वाटतच होतं, मुलगा चांगल्या घरचा आहे."

कागद फिरले, सह्या झाल्या आणि धाकटा सुटला. थोरला तुरुंगाच्या दारापाशी उभा होता. धाकट्याचा शर्ट खांद्यावरून उतरत होता. दोघं चालू लागले. बरंच चालल्यावर धाकटा म्हणाला,

"दादा, तुला वाटलं होतं ना, मीच घेतल्या?"

"मी पैसे भरले," थोरला म्हणाला.

"ते नाही विचारलं."

"मशीन विकलं."

"तेही नाही विचारलं."

थोरल्याला तोंडात खिळे असते तर बरं झालं असतं. ते नव्हते. "हो," तो म्हणाला. "वाटलं होतं."

धाकटा वेगळा झाला नाही, जवळही आला नाही. तेवढ्याच अंतरानं चालत ते दुकानात शिरले. आई कारकुनाची खुर्ची मांडीशी घेऊन बसली होती. तिनं धाकट्याला खालपासून वर बघितलं.

"झालं हॉटेलचं काम?"

धाकट्यानं थोरल्याकडे बघितलं. "झालं," तो म्हणाला.

"जेवायला घालत नव्हते वाटतं."

"घालत होते. बरं नव्हतं."

"पैसे तरी दिले का?"

"नाही."

"तुम्हा दोघांना गिऱ्हाईक ओळखताच येत नाही," आई म्हणाली आणि रिकाम्या सुयांची उशी त्याच्यापुढे सरकवली. "हात धुऊन ये, आणि या सुया ओवून दे. याला जमत नाही."