थॅडी गिलहूलीची बोटं

थॅडी गिलहूलीला केटल्सबर्गमध्ये कोणी रस्ता विचारत नसे. ऐन उमेदीची वर्षं त्याने गावच्या बेसबॉल संघात कॅचर म्हणून, फलंदाजाच्या मागे बसून, मोकळ्या हातांनी चेंडू अडवण्यात घालवली होती. प्रत्येक बोट कधी ना कधी मोडून आपल्या मर्जीने सांधलं होतं. त्याने स्टेशनाकडे हात केला, की एक जण स्टेशनावर, दुसरा दफनभूमीत आणि तिसरा नदीत जाई.

हातात बॅट घट्ट धरवेना, तेव्हा त्याला संघाचा मॅनेजर केलं. मालक क्रुमहोल्झसाहेबांचा बिअरचा कारखाना होता. बिअरमध्ये पाणी घालताना त्यांचा हात सढळ असे. चेंडू घेताना मात्र तो खिशातच अडके. त्यामुळे आमचा संघ सराव करी तो उकडलेल्या बटाट्यासारख्या चेंडूंवर. मारला तरी लांब जाईना. थॅडीने तक्रार केली नाही. बॅट नुसती आडवी धरायची, चेंडू पायाशीच मरू द्यायचा आणि पहिल्या बेसकडे, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्याकडे सुटायचं, एवढंच तो शिकवत राहिला.

"बॅट मारायला असते, गिलहूली!" साहेब ओरडत. "आडवी धरायला माझ्या घरी पडद्याच्या काठ्या आहेत!"

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, फोर्ट मार्लोच्या संघाशी होता. जिंकेल त्याला अजिंक्यपद. सकाळीच साहेबांनी थॅडीला गाठलं.

"हरलास तर सोमवारपासून आमचे जावई मॅनेजर. तू कारखान्यात बाटल्या धू."

जावई, पर्सी, टोप्या विकत. त्यांना बेसबॉलमधलं काही कळत नसे, पण टोपी मात्र झकास घालत.

आधी कोण फलंदाजी करणार, हे त्या काळी यजमान ठरवत. यजमान अर्थातच स्वतः आधी खेळत, कारण एकच चेंडू बहुधा अख्खा सामना चाले. तो नवा नि टणक असताना कोण सोडणार?

थॅडी पंचाला म्हणाला, "पाहुण्यांना आधी खेळू द्या."

"ए म्हाताऱ्या, आता डोक्यालाही चेंडू लागला काय?" गर्दीतून आवाज आला.

पाहुण्यांनी नव्या चेंडूवर पहिल्याच डावात चार धावा कुटल्या. शेंगदाण्यांची टरफलं थॅडीच्या दिशेने येऊ लागली. पर्सींनी नवी टोपी चढवली.

पण चेंडू काही नवा राहिला नाही. तो काळा पडला, मग मऊ, मग बटाटा. पाहुण्यांची ताकद त्यात रुतून बसू लागली. आमच्या लोकांना मात्र तो जुना मित्र भेटल्यासारखा वाटला. रडतखडत तीन धावा झाल्या.

शेवटचा डाव आमचा. हव्या होत्या दोन धावा. पहिल्याने बॅट आडवी धरली आणि बेस गाठला. दुसऱ्यानेही. तिसरा बाद झाला, पण तेवढ्यात आधीचे दोघे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर पोचले. आता पाळी लुट्झची. लुट्झ म्हणजे बैल. आडवी बॅट त्याला अपमान वाटे.

"लुट्झला मारू दे!" साहेब किंचाळले.

"लुट्झ, बस," थॅडी म्हणाला.

"मग खेळणार कोण?"

"मी."

"तुला बॅट धरता येत नाही!"

"घट्ट धरता येत नाही, साहेब."

त्याने बॅट धरली, म्हणजे हातांवर ठेवली. चेंडू आला, त्या सैल बॅटला टेकला आणि तिथेच गवतात बसला. चेंडू फेकणारा पिचर, कॅचर आणि तिसऱ्या बेसवाला तिघे धावून आले.

"माझा!"

"सोड, माझा!"

"अरे, उचला कोणीतरी!"

या चर्चेत आमचा एक गडी शेवटच्या, घरच्या बेसवर पोचला आणि एक धाव झाली. चर्चा फार रंगली आणि तिथे राखायला त्यांचं कोणी उरलंच नाही, म्हणून दुसराही पोचला.

पुढची पाच मिनिटं कोणाचं कोणाला ऐकू आलं नाही. थॅडी खांद्यांवर होता. पर्सींची टोपी हवेत उडाली; ती त्यांनी उडवली नव्हती. साहेब बातमीदारांना सांगत होते, "नवे चेंडू घ्यायचे नाहीत, हे धोरण माझंच!"

मग ते थॅडीकडे वळले. "मॅनेजर तूच. आणि बक्षीस म्हणून डझनभर नवे चेंडू!"

"नको साहेब. पोरांची सवय बिघडेल."

"मग बिअर! सगळ्यांना, माझ्यातर्फे! कुठे जायचं, तू सांग!"

थॅडीने खांद्यांवरूनच हात उंच करून गुत्ता दाखवला, आणि जयघोष करत सगळं गाव चार वेगवेगळ्या गुत्त्यांकडे निघालं.