पांढरीच्या टेकाडावरची खुरपी

मित्रांनो, माझं पातं झिजून आता दोन बोटांएवढं उरलं आहे. माझी मूठ दोनदा बदलली. घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्यात, कुडाच्या भिंतीत खोचलेली मी एक जुनी खुरपी. मला आता फारसं काही वाटत नाही. जे घडलं तेवढं सांगते.

घाटंजीच्या बाजारात एका लोहारानं ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगपाट्यातून मला घडवलं. जमनाबाईनं ढिगातून मला उचललं, नखावर धार पाहिली आणि कमरेला खोचून घरी आणलं. तिच्या नवऱ्याचं नाव शंकरसिंग. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता फिरणं थांबलं होतं. कोरडवाहू शेती होती. मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आणि तुरीच्या बुडाशी उगवलेलं गवत काढत असे. अशी बरीच वर्षं गेली.

तांड्याजवळ रामरावांचं वावर आहे आणि त्या वावरात एक टेकाड आहे. त्याची माती राखेसारखी पांढुरकी. कधीकाळी माणसं राहून गेलेल्या अशा जागेला आपल्याकडे पांढरी म्हणतात. ही माती पिकाला चांगली म्हणून रामराव दरसाल ती ट्रॅक्टरनं उचलून कपाशीत टाकत. एका हिवाळ्यात विद्यापीठाच्या सुरभी मॅडम तिथे आल्या. त्यांनी खापरं पाहिली, रामरावांना माती नेणं थांबवायची विनंती केली आणि सरकारी परवानगी काढून उत्खनन सुरू केलं. कामाला तांड्यातली माणसं लागली. शंकरसिंग घरून मला घेऊन गेला.

तिथे मी नवं काम शिकले. शेतात मी गवत काढण्यासाठी माती खणत होते. इथे मातीच वाचायची होती. काळी कुठे संपते, राख कुठे लागते, सारवलेली जमीन कुठे सुरू होते, हे शंकरसिंगच्या बोटांना कळे. तो मला आडवी धरून हलकेच ओढायचा आणि एका जागी थांबायचा. मॅडम येऊन पाहायच्या आणि तिथे खरोखरच तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराची जमीन निघायची.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम गोष्टी सांगत. हडप्प्याच्या विटा लोकांनी रेल्वेच्या रुळांखाली खडी म्हणून टाकल्या होत्या. पुढे दयाराम साहनींनी तिथे आणि राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडोला खोदलं, तेव्हा ती शहरं किती जुनी आहेत हे जगाला कळलं. आपल्याच राज्यात दायमाबादला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. ती कुणा मोठ्या संशोधकाला सापडली नाहीत. झाडाचं मूळ खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्याला सापडली. ही गोष्ट शंकरसिंगला आवडायची. तो ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा.

त्याची सून शीला घमेल्यानं माती वाहायची. तिचा नवरा बबलू लोहारा गावच्या कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. उत्खनन सुरू झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात शीलाची दोन महिन्यांची लेक तापानं गेली. सुरुवातीला शीला रडली. मग तेही थांबलं. ती उठायची, भाकरी करायची, घमेलं उचलायची. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला असायचा, त्यामुळे तिचा चेहरा कसा आहे हे खड्ड्यावर कुणाला नीट माहीत नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात शंकरसिंगची पकड बदलली, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. तो मला गरजेपेक्षा घट्ट धरू लागला. दवाखान्यात शुगर निघाली होती आणि त्यामुळे हातापायांची जाणीव चालली होती. चुलीतलं लाकूड सरकवताना बोट भाजलं, तरी त्याला ते जमनाबाईनं सांगितल्यावर कळलं. त्यानं तिला गप्प राहायला सांगितलं.

एके दिवशी जमिनीच्या थरात एक लहान, अखंड मडकं लागलं. मॅडम दुसऱ्या खड्ड्यात होत्या. शंकरसिंगला मडकं जाणवलंच नाही आणि मी सरळ त्याच्या मानेत शिरले. मान तुटून बाजूला पडली. मॅडम आल्या. त्या रागावल्या नाहीत, हे कसं झालं एवढंच विचारलं. शंकरसिंगचं तोंड उघडण्याआधी वर उभी असलेली शीला बोलली.

"माह्या घमेल्याचा धक्का लागला, मॅडम."

मॅडमनी तसं वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून शीलाला दूर, माती चाळण्याच्या कामावर पाठवलं.  दोन दिवस शंकरसिंग खड्ड्यात बसून होता. मी त्याच्या हातात होते, पण त्यानं माझ्याकडून काही काम घेतलं नाही. वरची सुटी माती तेवढी दुसऱ्या हातानं इकडून तिकडे सारली.

तिसऱ्या सकाळी काम सुरू होण्याआधी तो मॅडमकडे गेला आणि मला त्यांच्या पायाशी ठेवलं.

"ते मडकं म्या फोडलं," तो म्हणाला. "माह्या बोटाईले आता काही समजत नाही. शीलाची काही चुकी नाही."

कधीपासून, असं मॅडमनी विचारलं. दिवाळीपासून, तो म्हणाला. आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"सांगतलं असतं, त त्याच दिवशी घरी बसलो असतो."

मॅडम म्हणाल्या की मडकं जोडता येईल, पण वहीत खोटं राहिलं तर ते पुढे कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. त्यांनी वही उघडली, आधीची ओळ खोडली आणि खरं ते लिहिलं. मग आता खुरपी कोणाच्या हातात द्यायची, हे त्यांनी त्यालाच विचारलं. त्यानं शीलाचं नाव घेतलं. ती तीन हिवाळे वर उभी राहून पाहत आली होती. त्यानं मला खड्ड्याच्या काठावर ठेवलं आणि तो बाजूला सरकला. शीलानं मला उचललं.

तो रोज काठावर बसून तिला सांगू लागला, दाबू नको, ओढ. आठवड्याभरात सांगायची गरज उरली नाही. शीलाच्या हाताला कसलीच घाई नव्हती. तिला काही हवं आहे असं वाटतच नसे. ती मला ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची.

एका घराच्या कोपऱ्यात तिला गोल, काळसर डाग दिसला. तिथली माती नरम होती. तिनं हात वर केला. मॅडम खाली उतरल्या. कुंचल्यानं माती सारली तसे दोन करडे रांजण दिसले. दोन्ही आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावून. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की घोड नदीकाठच्या इनामगावलाही असंच सापडलं होतं. त्या काळची माणसं लहान मूल गेलं की त्याला अशा दोन रांजणांत ठेवत आणि घरातल्या जमिनीखाली पुरत. एका रांजणाचा तुकडा निखळला होता. आत बारीक हाडं होती.

 शीला कडेची माती ओढत राहिली. मग तिनं विचारलं, "घरातच?"

"हो. इथेच, याच जमिनीखाली."

"मंग त्याच्या मायले जागा माहीत असन."

"असणारच," मॅडम म्हणाल्या.

शीलानं मला खाली ठेवलं. ती उभी राहिली आणि काठावर बसलेल्या सासऱ्याकडे वळली. तिनं पदर पुढे ओढला नाही.

"मामाजी, माह्या लेकीले कुठी ठेवलं?"

मित्रांनो, त्यांच्याकडे लहान मुलाला पुरायला पुरुष जातात. बायका घरी थांबतात. कुठे नेलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बबलूही बोलला नव्हता. तिला विसरायला सोपं जावं, असं सगळ्यांना वाटलं होतं. शंकरसिंग काठावरून उठून घराकडे चालू लागला. काम बघायला आलेले रामराव हळूच दुसरीकडे निघून गेले.

पुढचे चार दिवस फोटो निघाले, मापं घेतली गेली, रांजण कापसात गुंडाळून पेटीत ठेवले गेले. मग खड्ड्यात प्लास्टिक अंथरलं आणि रामरावांच्या ट्रॅक्टरनं तो पुन्हा मातीनं भरला. शंकरसिंग आणि शीला एकाच घरात जेवत होती, पण तो तिच्याशी बोलला नाही.

खड्डा बुजला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी घेऊन दारात उभा राहिला.

"चाल, दाखवतो."

जमनाबाईही उठली. तिनंही ती जागा कधी पाहिली नव्हती. शंकरसिंगला पायाखालचं कळत नव्हतं, म्हणून नाला ओलांडायला बराच वेळ लागला. पलीकडे मोहाचं झाड होतं. त्याच्या जवळ, कमरेएवढ्या गवतात तो थांबला आणि काठीनं गवत बाजूला केलं. तिथे एक चपटा दगड होता. तो त्यानंच ठेवला होता, असं त्यानं सांगितलं.

शीला खाली बसली. तिनं मला कमरेतून काढलं आणि दगडाभोवतीचं गवत काढायला सुरुवात केली. ती रडली नाही. जमनाबाई तिच्या शेजारी बसून काढलेलं गवत गोळा करत राहिली. शंकरसिंगनं वाकून दगडावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. त्याला काय जाणवलं असेल, मला माहीत नाही.

मॅडमच्या अहवालात खोदणाऱ्यांच्या यादीत शंकरसिंग आणि शीला या दोघांचीही नावं आहेत. मागच्या हिवाळ्यात झरी जामणीकडे नवं काम निघालं, तेव्हा मॅडमनी शीलाला बोलावलं. ती मला घेऊन गेली. शंकरसिंग घरीच असतो.

मित्रांनो, तुम्हाला मोठा उपदेश करण्याएवढं माझं पातं उरलेलं नाही. नांगरताना किंवा घराचा पाया काढताना मातीचा रंग अचानक बदलला, तर हात थांबवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. तिथे कुणीतरी कुणाला जपून ठेवलेलं असू शकतं. आणि तुमच्या घरात एखाद्या बाईनं जागा विचारली, तर तिला ती दाखवा.