खालच्या अंगाचं पाणी

रुपरावांनी पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही, तेव्हा माझी बहीण भीमाबाई ट्रे हातात घेऊन दारातच थांबली.

१९७४ चा उन्हाळा. नागपुरात जरीपटक्यामागच्या आमच्या वस्तीत ते भीमाच्या लेकीला, जयवंताला पाहायला आले होते. जयवंता आणि त्यांचा मुलगा गिरिधर एकाच टेलिफोन कचेरीत. लग्न दोघांनीच ठरवलेलं. आम्ही बौद्ध, ते कुणबी. बापाने हो म्हटल्याशिवाय करणार नाही, असं गिरिधरने आधीच सांगितलं होतं. म्हणजे सगळं या एका भेटीवर होतं, आणि भेट पाण्याशीच अडली.

"काहून?" भीमाने विचारलं. "आमच्या हातचं चालत नाई?"

"हाताचं नाव मी घेतलं का? तुमा नागपूरवाल्याईचं पानी आमी रोजच पेतो. तुमचं वापरून झाल्यावर."

भीमाला ते कळलं नाही. मला कळलं. वाचनालयात फाटके नकाशे चिकटवण्यात माझं आयुष्य गेलं. तरी मी गप्पच बसलो असतो, पण जयवंता माझ्याकडे पाहत होती. मग चाचरत सांगितलं, की शहराला प्यायला पाणी कन्हान नदीचं. शहराचा मैला वाहून नेते ती नाग नदी, आणि तीही त्याच कन्हानला मिळते, पण खाली. कन्हान पुढे आंभोऱ्याजवळ वैनगंगेत उतरते. रुपरावांचं गाव त्या संगमाच्या खालच्या अंगाला. वैनगंगा एवढी मोठी नदी, सिवनीकडून येते, भंडाऱ्याचा धान पोसते, पुढे वर्धेला मिळून गोदावरीपर्यंत जाते. पण उन्हाळ्यात तिची धार बारीक होते, आणि मग...

"दादा, नकाशा ठेव बाजूले," भीमा म्हणाली. "आधी जात सांगत होते, आता नदी सांगून राहिले."

मी खरं तेच सांगितलं होतं की नकळत त्यांची बाजू घेतली होती, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

रुपराव आता थांबेनात. सकाळीच ते नदीचं पाणी बाटलीत भरून एका सरकारी कचेरीत दाखवायला गेले होते. तिथल्या बाबूने बूचसुद्धा काढू दिलं नाही. टेबलाला वास लागेल म्हणाला. त्यांनी पिशवीतून ती बाटली काढली आणि आमच्या पेल्याशेजारी आपटली. पाणी गढूळ, हिरवट होतं. गावात मासे मरून वर येत होते, म्हशी पाण्यात उतरत नव्हत्या. अन् तुम्ही इथे नळाखाली खळखळून चुळा भरता, असं ते बोलले.

भीमा शांतपणे म्हणाली, "आमच्या मायनं गावात जलमभर तुमा लोकाईच्या घाटाच्या खालीच पानी भरलं. वर तुमी बैलं धुवाचे. खालचं पानी कसं असते, तुमाले आता समजलं."

गिरिधर मान खाली घालून चपलेचा पट्टा ओढत बसला होता. हा मुलगा एक शब्दही बोलणार नाही, हे मला दिसलं. जयवंतालाही दिसलं असावं.

ती उठली. बाटलीचं बूच काढून तिने रिकाम्या कपात पाणी ओतलं. खोलीत कुजका वास पसरला.

"मामाजी," ती म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. "तुमच्या घरी आल्यावर मले हेच प्यावं लागन. तुमी माह्या घरचं प्या."

भीमा कप हिसकावायला धावली, तोवर जयवंताने एक घोट घेतला होता.

रुपरावांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पेला उचलून त्यांनी अर्धा संपवला.

"ब्लीचिंगचा वास येते," ते म्हणाले.

"तुमच्याले कायचा येते?" भीमाने विचारलं.

उरलेलंही त्यांनी पिऊन टाकलं आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, लग्न पावसाआधी उरका, पुरात नदी पार करायला डोंगा चालत नाही. भीमाने रिकामा पेला उचलला. आणखी हवं का, असं काही तिने विचारलं नाही.